पातं

रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी
माझ्या छतावर सुरू व्हायचं :
धप्, धप्, मग काहीतरी ओढल्यासारखी घरघर,
पुन्हा धप्.

पहिल्या रात्री वाटलं, वर कुणीतरी
कुणाची तरी कणीक तिंबतंय.
सपाता घालून जिन्यापर्यंत गेलो
आणि थंडीनं परत आलो, कबूल करतो.
हाकोदातेत, फेब्रुवारीत,
माणूस तेवढाच शूर असतो.

चाळीस वर्षं मी पियानो जुळवले.
शाळांचे, बंदरावरच्या हॉटेलचा,
एका दंतवैद्याचा, ज्याला वाजवता येत नव्हतं.
कान निवृत्त होत नाहीत.
ती घरघर एका ओळखीच्या सुराला
जवळजवळ लागायची,
पाव सूर उतरलेली.
झोप त्या धपधपीनं नाही गेली,
त्या पाव सुरानं गेली.

चिठ्ठीचे चार खर्डे केले.
पहिल्यात राग होता, दुसऱ्यात माझं वय,
तिसऱ्यात नुसतंच हवामान.
चौथा तिच्या दाराखालून सरकवला :
‘रात्रीच्या आवाजाबद्दल, कृपया.
तोगाशी, दोनशे तीन.’

रविवारी दुपारी उत्तर दाराच्या मुठीला लटकत होतं.
पिशवी आतून घामेजलेली,
तिच्यात एक चौकोनी पाव, एका अंगानं कललेला,
आणि कारखान्याच्या हजेरीच्या कागदामागे लिहिलेलं :

‘फार फार माफ करा.
मी माकूळ सोलते. साडेचारला निघते.
हातांचा वास लिंबानं जात नाही, मिठानं जात नाही.
असल्या हातांनी पीठ मळवत नाही,
म्हणून ते यंत्र.
मुलगा सातला उठतो तेव्हा
घरात काहीतरी गरम असावं एवढंच.
आजपासून खाली टॉवेल घालीन, दोन.
निइमुरा.’

म्हणजे कणीकच होती.
मी एकटाच हसलो, सुरी काढली.
तिसऱ्या कापाला पातं लागलं,
सुरीचं नव्हे,
यंत्राचं. काळं, बोटाएवढं,
पावाच्या पोटात अडकून माझ्याकडे आलेलं.

तेव्हाच वर जायला हवं होतं.
पण पाव फार चांगला होता
आणि रविवार होता.

त्या रात्री तीन दहा.
काही नाही.
तीन वीस. टॉवेल इतके जाड असतील?
खुर्चीवर चढून छताला कान लावला
एकसष्ट किलोच्या, सत्तरीच्या माणसानं.
एक बारीकशी गुणगुण, बस.
आस फिरत होती, रिकामी,
आणि यंत्राला त्याचं काहीच नव्हतं.

सात वाजता पातं रुमालात गुंडाळून गेलो.
मुलानं दार उघडलं, एका पायात मोजा,
हातात भांडं, मला दाखवण्यासाठीच धरल्यासारखं :
वर कोरडं पीठ, टेकाडासारखं,
खाली दुधाची खरवड, कडेला करपलेली.
‘चिठ्ठीवाले आजोबा तुम्हीच का?’
मीच, म्हणालो.
‘आई काल कचऱ्याचा डबा दोनदा उपसत होती.
कशासाठी ते सांगेना.’

रुमाल सोडला. तो बघत राहिला,
मग म्हणाला, ‘हे तर जहाजाचं आहे.’
आणि मला क्षणभर तसंच वाटलं.

कालचा उरलेला अर्धा पाव आणायला खाली गेलो.
त्याच्या तळाला पात्याचं भोक होतं,
मुलानं ते जॅमनं बुजवलं
आणि बोटानं पुन्हा उकरलं.
शाळेला उशीर झाला. माझ्यामुळे, असं त्यानं
शिक्षकांना सांगितलं म्हणे.

टॉवेल काढा, असं मी दुसऱ्या चिठ्ठीत लिहिलं.
या वेळी एकच खर्डा.

आता तीन दहाला डोळा उघडतो.
धप्, धप्, घरघर,
आणि मग ती लांब विश्रांती,
जिच्यात पीठ काहीही न करता फुगतं.
तिच्यात बहुतेक झोप लागते.

पाव सूर अजून उतरलेलाच आहे.
जुळवायची किल्ली कपाटात आहे, कोटामागे.
तिथेच आहे.