भुरे डोळे

रॉय टॅलंडर रावपुऱ्यात पहिल्यांदा आला
तेव्हा अंगठ्याएवढा होता,
घोड्याच्या शेपटीमागे, डावीकडून पाचवा.
बाबांनी त्याला नाक दिलं आणि टोपी.
डोळे द्यायला जागाच नव्हती.

पुढच्या वर्षी तो दीड फूट झाला,
त्याच्या पुढच्या वर्षी सहा.
बाजवाड्यातल्या आमच्या ओट्यावर मावेना.
हनुवटी सुकायला रस्त्यावर ठेवायची
अन् गाय हाकलायला मी.

फोटो यायचे काळेपांढरे, तळहाताएवढे.
बाबा त्यांवर पेन्सिलीनं चौकटी आखत,
चौकटीमागून चौकट माणूस मोठा करत.
पावडरचे रंग, अळशीचं तेल,
शर्टाला झिंक व्हाइट, जपून, कारण महाग.
फोटोबरोबर एक छापील कागद असे, इंग्रजीत.
तो वाचायचं काम माझं, मी सातवीत, मिशनच्या शाळेत.
पहिल्या कागदात तो गुराख्याचा मुलगा होता.
दुसऱ्यात त्याचे वडील बोटीवर कप्तान.
तिसऱ्यात तो अनाथ, नेब्रास्का नावाच्या गावी.
"किती वेळा जन्मला हा?" बाबा म्हणाले
आणि ब्रश घासलेटात बुडवला.
सगळ्या फोटोंत एकच गोष्ट तीच:
डाव्या भुवईत तुटलेली एक रेघ.
कशानं, ते कुठल्याच कागदात नव्हतं.
बाबांचा विश्वास फक्त तिच्यावर.

डोळ्यांचा रंग कुणालाच ठाऊक नव्हता.
मॅनेजर दिनशा शेठ म्हणाले,
"आंखो भूरी राखजो, पागेदार."
बाबा मिरजेहून नवे आलेले.
गुजरातीत भूरं म्हणजे निळं, हे त्यांना कोण सांगणार?
मिरजेत भुरे म्हणजे भुरे,
वाळल्या गवताचे, मांजराचे,
गणपतकाकाचे.
काकाशी तेव्हा बोलणं बंद होतं,
सायकलच्या दुकानाच्या वाटणीवरून.

तर अकरा वर्षं रॉय टॅलंडर
बडोद्यात गणपतकाकाच्या डोळ्यांनी बघत राहिला:
बंदूक रोखून, बाईच्या खांद्यावरून,
तुरुंगाच्या गजांतून, मांडवीकडे.

मग रंगीत पिक्चर आला.
बाबा चार आण्यांच्या बाकावरून बघून आले.
जेवले नाहीत.
दुसऱ्या दिवशी शिडीवर चढले, निळा कालवला,
बराच वेळ तसेच उभे
आणि त्या निळ्यानं त्यांनी आभाळ वाढवलं.
समोरचा पानवाला पिक्चर बघून आला तो चिडूनच.
म्हणाला, पिक्चरवाल्यांनी डोळे चुकवलेत.

पुढे तो लहान होत गेला.
फोटोत भुवईची रेघ पुसलेली यायला लागली,
बाबा ती आपल्या हातानं घालत.
आधी नायिकेचा बाप झाला, मग बापाचा वकील,
मग रोमन सैन्यात, लोखंडी टोपात, फक्त हनुवटी,
मग चेहरा नाही, नुसतं नाव,
तेही "आणि"च्या नंतर.
एका कागदात तिसरं लग्न होतं.
पुढच्यात ते नव्हतं.

बातमी तीन ओळींची, कापसाच्या भावाखाली.
अमेरिकन नट, एवढंच. नावही चुकलेलं.
मी वाचून दाखवली.
बाबांनी विचारलं, "कुठल्या गावी गेला?"
तेही लिहिलेलं नव्हतं.
त्या आठवड्यात त्यांनी मिरजेला एक पत्र टाकलं.
हिशेबाचं, म्हणाले.

टॉकीज पाडली तेव्हा कापडाचा एक तुकडा मी आणला,
स्कूटर झाकायला बरा, तेल प्यायलेला, जड.
उन्हानं वरचा थर सुटतोय.
नंतरच्या कुठल्यातरी नटीचा गाल
पापुद्र्यापापुद्र्यानं गळतो
आणि खालून भुवई निघते, तुटकी,
तिच्याखाली वाळल्या गवताचा एक डोळा.

शेजारचा केयूर विचारतो, "मावशी, हे कोण?"
"गणपतकाका," मी सांगते. "मिरजेचे.
इंग्रजी पिक्चरमध्ये असायचे."