दारी

कानडीत वाटेला दारि म्हणतात.
आम्ही मराठीतून ऐकतो,
म्हणून ती आमच्या उंबऱ्याशीच येऊन थांबते.

आता ती नकाशावर नाही.
मोजणीवाल्यानं साखळी ओढली, म्हणाला,
रायबागेपर्यंत सलग ऊसच आहे.
पण बांधाला दगडी डोण आहे,
आठ जोड्या एका वेळी पाणी पितील एवढी.
काठ जिभांनी झिजलेला,
आत ठिबकच्या नळ्यांची वेटोळी.

ह्याच डोणीवरून माघात
चिंचलीच्या बाजाराला खोंडं गेली.
घाटाखालचं मीठ लादून लमाण गेले.
मायाक्काला बोललेले नवस गेले,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या पोटात.
दस्तगीर नालबंद बैल आडवा पाडायचा
आणि पत्री ठोकताना त्याच्या कानात पुटपुटायचा.
कुठल्या भाषेत, ते बैलालाच ठाऊक.
हेडे उपरण्याखाली बोटं धरायचे:
दोन बोटं, चार, मग मूठ.
वर तोंडं मात्र पावसापाण्याचं बोलत.

तशाच एका उपरण्याखाली
बापानं काजळ्या विकला.
घरी येऊन जेवला नाही, एवढंच.

बाराव्या दिवशी, तांबडं फुटायच्या आत,
दारात काजळ्या.
गळ्यात तुटकं दावं,
नाकाडावर उसाच्या पात्यांचे ओरखडे.
मागोमाग बसगोंडा, हातात मोडलेली दोन कांडकी.
आई पदर खोचून भांडणाला उभी.

त्यानं बैलाकडे बघितलं,
मग मागं वळून उसातल्या पडलेल्या पट्ट्याकडे.
कुठं वाकडं पाऊल नव्हतं.
डोणीपासून आमच्या गोठ्यापर्यंत
सुतात ओढल्यासारखं.
कांडकी खाली टाकून तो हळूच म्हणाला,
इल्ले दारि इत्तु.

दारीच की, आई म्हणाली,
मघापासनं उभा आहे.

दोघं एकमेकांचं ऐकून गप्प झाली.
मी पाटी भरून कडबा आणला.
बसगोंडा चहा न घेता गेला,
नुकसानीचं काही बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी बापानं काजळ्याला
टेम्पोत चढवून परत पोचवला.
पैसे खर्चून झाले होते.

बसगोंडा गेला. ऊस दरसाल नवा लागतो.
पण एसटीतून, उतरत्या उन्हात बघितलं तर
शेताच्या मधून एक पट्टा बुटका दिसतो,
गाडीभर रुंद,
पार ओढ्यापर्यंत.

त्याचा नातू म्हणतो,
पोटॅश कमी पडतंय.