विरजण

आत्या विचारते, एवढं शिकून मेडिकल टाकणार ना,
घणसोली नाक्यावर गाळा बघून ठेवू?
मी सांगते, गोळ्या विकायला नाही शिकत गो,
गोळी आतून कशी असते ते शिकते.
ती म्हणते, आतून कडूच असणार.
खरंय. दुसऱ्या वर्षाचं अर्धं पुस्तक
याच एका वाक्यावर चालतं.

कोपरखैरणे, कॉलेजचा तिसरा मजला.
एक फ्यूम हूड चालू, दुसऱ्याला दोन वर्षं कुलूप.
आज ॲस्पिरिन.
दोन ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल, पाच मिली ॲनहायड्राइड,
फॉस्फोरिकचे पाच थेंब
(झैनबचे सहा पडले, तिनं फक्त मला सांगितलं),
गरम पाण्यात पंधरा मिनिटं,
मग पाणी, मग बर्फ, मग वाट बघणं.

वाट बघण्याला मार्क नसतात.
सगळ्यांच्या चंचुपात्रात पांढरं उतरू लागलं,
माझं नितळ राहिलं,
खोटं बोलून बसलेल्या पोरासारखं नितळ.
काचेच्या कांडीनं तळ खरवडला,
पुन्हा खरवडला,
तो आवाज माझ्या दाढेत जाऊन बसला.
बेल झाली.
जर्नलमध्ये लिहिलं, उत्पादन,
आणि पुढे नुसती रेघ.

दारात चपला काढते न काढते तोच
बाबा पेपराच्या आडून,
‘ॲनहायड्राइड व्हता ना आज?’

ओढणीला वास होता.
सूत्र लिहिता येत नाही त्यांना.
आज्याची खाचरं ज्या कंपनीखाली गेली
तिथंच सत्तावीस वर्षं, रबाळ्याला,
रिॲक्टर नंबर चार.
मनगटावर वाफेचा जुना डाग,
सहा कोनांचा नाही, मी मोजून बघितलाय.

‘कांडी घासून काय व्हतंय? विरजण लाव.’
म्हणजे?
‘कालच्या बॅचमधला चिमूटभर.
चार नंबर जमत नसला की आमचा इन्चार्ज बोलतो,
जा रं, विरजण आन.’

ओट्याशी आई करंगळी बुडवून
दूध कोमट आहे का बघत होती.
कुणाकडे न बघता म्हणाली,
‘आन मंग हलवायचा नाय.’

गुरुवारी झैनबच्या काचेवरून
मुंगीच्या डोक्याएवढा एक कण उचलला,
थंड द्रावणात सोडला.
हात मागे घेतले.
आधी काहीच नाही.
मग कणाला मिशा फुटल्या,
मिशांना मिशा,
आणि बघता बघता पात्र भरून
सगळ्या पाण्याला एकदम काहीतरी आठवलं.

एकसष्ट टक्के.
फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला तर जांभळं.
गडद नाही, करवंदाच्या डागाएवढं,
पण जांभळंच. म्हणजे अशुद्ध.

तोंडी परीक्षेत कुट्टी मॅडमनी विचारलं,
स्फटिक कसे आणलेस?
पुस्तकातला शब्द पाठ होता.
तोंडातून गेलं, विरजण लावलं.
मागे हसले. मॅडम नाही हसल्या.
पेनाचं टोपण लावलं, काढलं,
म्हणाल्या, आमच्या पालक्काडला त्याला उर म्हणतात.
मला ऐकू आलं, ऊर.
दहापैकी सहा.

घरी गाळणकागदाची पुडी उघडून दाखवली.
एकसष्ट ऐकून बाबा हसले,
‘एकसष्टला आमच्याकडं मेमो देतात,’
आणि हसता हसता तो खोकला आला,
ज्याचा धडा मी अनुक्रमणिकेत दोनदा शोधलाय.
दम खाल्ला. पुडीला नाक लावलं.
मी म्हटलं, जांभळं आलंय, टाकून देते.

त्यांनी पुडीच्या कडा दुमडल्या,
आधी उभ्या, मग आडव्या,
दुकानात बडीशेप बांधतात तशा.
‘टाकू नको. धुवून घे थंड पाण्यानं.
पुढच्या बॅचला लागंल.’