दुसऱ्या भागाबद्दल, कोबीच्या बाजूने

पेर्निकच्या वाचनालयाच्या सभागृहात
आज फुकट खेळ आहे, भाग दुसऱ्याचा.
हीटर बंद. सगळे कोट घालून बसलेत,
आणि शेजारचा राडोस्तिन दात कोरत विचारतो,
"तू यात कुठे आहेस, झ्द्राव्का?"
थांब, म्हणते मी. पहिला गुद्दा बसू दे.

बसला.
ती मी.
दोन किलोचा कोबी ओल्या चामड्यात गुंडाळून
गुडघ्यावर आपटलेला.
उरलेल्याचं लोणचं घातलं, अजून बरणीत आहे.

आता खरं बोलायचं, तर
पहिल्या भागाचा नायक इथे दुसऱ्याच मिनिटाला मरतो,
तोही फोनवर.
पैसे जास्त मागत होता म्हणे.
नवा तीन दिवसांपुरता विमानाने आला होता,
चौथ्या दिवसापासून त्याची नुसती पाठ काम करते,
आणि ती पाठ आमच्या ओग्न्यानची.
चेहऱ्याला जमलं नाही ते पाठीला जमलंय:
खलनायकाच्या दारापुढे ती क्षणभर थबकते,
ते तेवढं नीट पाहा.

शहर शिकागो आहे, असं लिहून येतं.
पिवळ्या टॅक्सी दोन, त्याच दोन पुन्हा पुन्हा,
नंबरप्लेटवर चिखल फासून.
मागे बेकरीची पाटी आमच्या लिपीत,
पाटीखाली पाव घेऊन उभी असलेली बाई
गोळीबार सुरू झाला तरी हलत नाही.
सभागृह खदखदतं. तिला सगळे ओळखतात.
ती बहिरी आहे, आणि पाव गरम होता.

गोष्टीला शेंडा ना बुडखा.
एक सुटकेस आहे, ती सगळ्यांना हवी,
आत काय होतं हे लिहिणाराही विसरला असावा.
अर्ध्यावर एका मुलीला पळवून नेतात,
मग कुणालाच तिची आठवण राहत नाही.
शेवटी ती आपली आपण चालत घरी येते.
मला हे आवडलं. चुकून का झालं असेना.

आणि मग ते गोदामाचं छत.
एकच शॉट, मध्ये कात्री नाही,
कारण दुसरा कॅमेरा भाड्याने घ्यायला पैसे नव्हते.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
खाली खोक्यांचे तीन थर होते, हवे होते पाच.
ओग्न्यानने वरून एकदा पाहिलं,
मफलर काढून कुणाच्या तरी हातात दिला
आणि पाय पसरले.

राडोस्तिनची काडी तोंडातच थांबते.
दीड सेकंद असेल.
माणूस पडताना किती गबाळा दिसतो!
एक बूट निसटायला आलेला,
हात नसलेला कठडा धरू पाहणारा.
महागड्या चित्रपटांत हे सापडायचं नाही,
तिथे सगळे सुबक पडतात.

या पडण्याला मी आवाज दिला नाही.
दिग्दर्शक म्हणाला होता, दोन कोबी घे,
हाडांसाठी सेलरीची जुडी मोड.
मी जुडी हातात घेऊन अंधारात उभी राहिले,
पडद्यावर तो पडत होता, उठून परत छतावर जात होता, पडत होता.
मला ठाऊक होतं बरगडी कशी वाजली ते.
त्या दिवशी मफलर माझ्याच हातात होता.
सेलरीसारखी नाही वाजली.
म्हणून तिथे फक्त वारा आहे.
लोक म्हणतील, आवाजवाल्यांची डुलकी लागली.
म्हणोत. उणिवांत धरा, माझ्या नावावर.

नावं मात्र भरभर सरकतात,
ओग्न्यानच्या नावात एक अक्षर कमी.

तो मागे भिंतीला टेकून उभा आहे,
फार वेळ बसवत नाही त्याला.
"कसा वाटला?"
"दुसरी टॅक्सी ओळखू येते," मी म्हणते.
तो हसतो, डाव्या कुशीवर हात दाबून.
तिसरा भाग निघतोय, वसंतात.
थर किती, मी विचारते.
चार देतो म्हणालेत.