काखेपर्यंत

बाहेर उणे बावीस. सरोवर इतकं गोठलंय
की लोक स्कीवरून ते ओलांडून कामाला जातात.
आत, दातांच्या दवाखान्यात,
सहाशे लिटर समुद्र, पंचवीस अंशांचा,
त्याच्यापुढे बादली, रबरी नळी, वेइक्को
आणि मी.

माझा पहिलाच दिवस.
तो नावगाव विचारत नाही. म्हणतो, "हात."
मी दोन्ही पुढे करते, शाळेत नखं दाखवायचो तसे.
तो वाकून वास घेतो.
"मलम."
लावलं होतं सकाळी. टाम्पेरेत जानेवारीत कोण लावत नाही?
लोकरीचे हातमोजे घालूनही पेरं चिरली आहेत.
"धू."
धुते.
"आता साबण कुठे आहे?"
"गेला, मोरीत."
"कातडीवर बसलाय. परत. नुसतं पाणी. कोपराच्या वर."
हात धुऊन पाठीस लागणं म्हणजे काय
ते त्या बेसिनपाशी कळलं मला.

तिसऱ्या खेपेला त्याला अंगठी दिसली. मग आठवण झाली:
"मघाशी कॉफीच्या यंत्रात नाणं टाकलंस ना?
तांब्याचं एवढंसं निमित्त पुरतं कोळंबीला."
शेजारणीच्या तब्येतीबद्दल बोलावं
तसं म्हणाला तो, कोळंबीला.

मग हातमोजे. निळे, लांब, थेट काखेपर्यंत.
मामाच्या गोठ्यात वासरू अडलं
की गुरांचा डॉक्टर चढवायचा तसले.
वेइक्को त्यात फुंकर घालतो, पाची बोटं ताठ उभी राहतात,
मग बादलीत दाबून बुडबुडा शोधत बसतो.
डाव्या करंगळीतून निघाला एक.
जोडीच टाकून दिली त्याने, उजवा चांगला असून.

"हे त्यांच्यासाठी," मी काचेकडे बघून विचारलं, "की आपल्यासाठी?"

त्याने तर्जनी वाकवून दाखवली.
अर्ध्यात थांबली ती.
आधी मटाराएवढी गाठ. एक डॉक्टर म्हणाला, संधिवात.
दुसरा म्हणाला, काटा गेला असेल.
आठ महिने गेले असे.
मग एक नवी पोरगी आली आरोग्यकेंद्रात,
तिने विचारलं, घरी मासे आहेत का?
"तोवर कुणी विचारलंच नव्हतं," वेइक्को म्हणाला,
"की मी दिवसभर हात कुठे घालतो."

आणि ती तपकिरी बटणं, दगडावर फुललेली,
ती छाटायची तर डोळ्यांना चष्मा हवा.
दगड तर कधीच उकळायचा नाही.
एस्कोने उकळला होता, घरच्या चुलीवर.
बायकोसकट तीन रात्री हॉस्पिटलात, श्वास मोजत.
पातेल्याचं पुढे काय केलं
ते विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

मी हात घातला.
पाणी चहूकडून दंडाला बिलगलं
आणि ओलं मात्र केलं नाही.
असा स्पर्श मला ठाऊक नव्हता:
ऊब आत येते, बाकी सगळं दाराशी थांबतं.
नारिंगी जोकरमाशाने निळ्या बोटाला चावा घेतला,
पुन्हा घेतला,
घर त्याचं होतं.
पडलेलं प्रवाळ मी उचलून खाचेत बसवलं,
चिमटीत धरून, श्वास रोखून,
आणि बाकावरचा एक माणूस,
गाल सुजलेला, नंबर पुकारला गेला तरी
उठायचं विसरला.

सगळं आवरल्यावर वेइक्को बेसिनपाशी गेला.
या वेळी साबण, भरपूर, फेस काढून,
नखांच्या आत, त्या अडेल बोटाच्या भोवती दोनदा.
मीही तेच केलं, न सांगता.
कोट चढवताना त्याने खिशातून एक पिवळी डबी काढली,
झाकणावर गाईचं चित्र.
सडांना लावायचं मलम.
"आता लाव," म्हणाला. "पुढची टाकी थेट सोमवारी."

बस येईपर्यंत हाताला गोठ्याचा वास येत होता.