तालीम

परभणीच्या बसस्थानकात, चौकशीच्या खिडकीआड,
माझी नोकरी आवाजाची.
पाथरी, फलाट दोन. जिंतूर, फलाट सात.
आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, तोंड कुणाच्याच नाही.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात फौजदार कांगणे आले.
कॅन्टीनमध्ये बसवलं आम्हाला,
कंडक्टर, हमाल, झाडणाऱ्या दोघी, सोडावाला लिंबाजी.
म्हणाले, घातपात करणारा एकदम येत नसतो.
आधी तालीम करतो.
येतो, पावलं मोजतो, घड्याळ बघतो,
पिशवी ठेवून लांब जातो
आणि कुणी हटकतं का ते पाहतो.
नाही हटकलं, तर त्याची तालीम पास.

लिंबाजी म्हणाला, सायेब, आमच्याकडं तालीम म्हंजे
लाल माती अन् लंगोट.
सगळे हसले. मला गॅदरिंग आठवलं,
रंगीत तालमीत उसना शालू सुटलेला.
आणि आजोबांचा निजामाच्या वेळचा शाळेचा दाखला,
त्यातला एकच शब्द ते बोट ठेवून वाचायचे:
तालीम. म्हणजे शिक्षण, बाई.

मंगळवारी तो उतरला पाथरीच्या गाडीतून.
विशीतला, करडा शर्ट, ओठ हलत होते.
सातच्या खांबाशी पिशवी ठेवली,
मागे दोनपर्यंत गेला,
तिथून पुन्हा चालत आला पिशवीपाशी.
मोबाइलवर वेळ पाहिली.
बुधवारी तसंच.
गुरुवारी तीच गाडी, तीच पिशवी, तेच ओठ.
मी वसमतची गाडी पुकारता पुकारता
दुसऱ्या हातानं फोन लावला.

नाव नंतर कळलं. तौफीक.
आधी कळलं असतं तर बुधवारीच लावला असता का फोन?
विचारायला जाते स्वतःला,
तेवढ्यात कुठलीतरी गाडी लागते.
स्थानकाला मात्र नाव लगेच कळलं.
ज्यांनी तीन दिवस त्याला पाहिलंच नव्हतं
त्यांनाही त्याचं सगळं आठवायला लागलं.

पिशवीत भाकरी, चटणीची पुडी,
आणि घडीची पांढरी काठी.
कांगणेंनी ती उघडली. खट, खट, खट.
मग कुणीच काही बोललं नाही.
बहिणीला जिंतूरच्या बँकेत नोकरी लागली होती,
फोनवर बसायची.
सोमवारपासून एकटी येणार होती ती.
दोनपासून सातपर्यंत एकशे बारा पावलं,
तिच्या पावलांनी, त्याच्या नव्हे.
म्हणून तो तसा आखडून चालत होता.

चार तासांनी सोडलं.
कांगणे मला म्हणाले, तुम्ही बरोबरच केलं.
तोही जाताना खिडकीशी थांबला,
पाथरीची शेवटची गाडी किती वाजता, एवढंच विचारलं.
मी माइकवरून सांगितलं,
तोंड वर न करता.

सोमवारी ती आली.
गुरुवारच्या गडबडीत आम्ही
वाटेतलं बाकडं सरकवलं होतं,
नजर मोकळी राहावी म्हणून.
त्र्याण्णवाव्या पावलावर काठी लाकडाला लागली.
थबकली. बोटांवर काहीतरी मोजलं.
पुन्हा मोजलं.
आजूबाजूचे बघत राहिले.
मी बटण दाबलं:
पाथरीहून आलेल्या ताई,
बाकडं आहे. उजवीकडून वळसा घ्या.
मग सरळ, एकोणीस पावलं.

तिनं मान वर केली, भोंग्याकडे.
दोनच्या फलाटावर, खांबाआड,
तिला न सांगता आलेला तौफीक उभा होता.
ओठ हलत होते.

परवापासून कॅन्टीनच्या भिंतीशी एक जण बसतोय.
सामान नाही. तीन गाड्या लागल्या, उठला नाही.
घड्याळ बघतो, मग माझ्या खिडकीकडे.
फोन जवळच आहे, नंबरही पाठ आहे.
खिडकीचं दार लोटून मी बाहेर येते,
पंधरा वर्षांत पहिल्यांदा
माइकशिवाय विचारते,
कुठं जायचंय, भाऊ?