विरजण

रॉस्कॉफला ओहोटी लागली
की बंदरातल्या होड्या चिखलात कुशीवर पडतात.
खिडकीतून ते दिसतं. सोएझिग पाहत नाही.
तिचा समुद्र निळ्या दिव्याच्या कपाटात आहे,
बोटभर नळ्यांत, बावीस अंशांवर,
भरती नाही, ओहोटी नाही,
घड्याळाने उजाडतं, घड्याळाने मावळतं.

दर सोमवारी ती जुन्या पाण्यातलं थोडं
नव्या पाण्यात घालते.
चमचाभरसुद्धा नाही. विरजणाला लागतं तेवढंच.
तिची आई असंच करायची, ताकाच्या मडक्यात,
आणि मडकं नासलं की
वाटी घेऊन शेजारच्या माद्लेनकडे जायची;
माद्लेनचं नासलं की ती इकडे.

नळीत बघाल तर काही नाही.
पांढऱ्या कागदापुढे धरली तर पोपटी झाक,
तीही मानली तर.
प्रोक्लोरोकोकस: अंगापेक्षा नाव मोठं.
हे अटलांटिकच्या मध्यातून आणलेले, शंभर मीटर खालून,
जिथे उन्हाचा फक्त निळा उष्टा तुकडा पोचतो.
त्यावर यांचं पोट भरतं,
आणि आपल्या श्वासातला थोडा भाग
यांच्या स्वयंपाकातून उरलेला असतो.

जनुकं सतराशेच्या आसपास.
जुन्या टेलिफोनच्या पुस्तकात
या गावची नावं साधारण तेवढीच असतील,
सोएझिग म्हणते, आणि निम्मे आता उचलत नाहीत.
अंथरूण पाहून पाय पसरणारी जात.
फॉस्फरस महाग, म्हणून अंगावरचं पांघरूण गंधकाचं.
नायट्रोजन मिळेना, म्हणून अक्षरंसुद्धा स्वस्तातली:
ए-टीच्या जोडीत एक अणू कमी लागतो,
तर जमेल तिथे ए, जमेल तिथे टी.
आणि पेरॉक्साइडचं विष मोडायचं जनुक,
जे समुद्रात जवळजवळ प्रत्येकाकडे असतं,
ते यांनी कधीतरी वाटेत टाकून दिलं.

तिचे वडील कांदेवाले.
दर उन्हाळ्यात बोटीने पलीकडे,
कार्डिफच्या गल्ल्यांत सायकलवर कांद्याच्या माळा,
दोन्हीकडे मिळून साठ किलो.
वजन कमी व्हावं म्हणून दात घासायच्या ब्रशचा
दांडा अर्धा कापलेला.
पंप घरीच ठेवायचे.
"गाव तिथे पंप असतोच कुणाकडे तरी."
चौतीस वर्षं असतोच कुणाकडे तरी.
एकदाच, डोंगराच्या रस्त्यावर, पावसात, रात्री,
नव्हता कुणाकडे.
अकरा मैल सायकल ढकलत आले,
आणि पुढच्या वर्षीही पंप नेला नाही.

ती तिशीत असताना तिला हुकूम झाला:
हे जीव शुद्ध करून दे, सोबतचे जिवाणू काढून.
सात आठवडे गाळलं, पातळ केलं, पुन्हा गाळलं.
शेवटी नळीत फक्त तेच.
तीन दिवसांत पोपटी गेलं,
पाणी पाण्यासारखं झालं.
तिने वहीत लिहिलं: मेले. एकटे होते.
साहेब केर्दिलेस यांनी खाली लाल शाईने:
कारण लिहा. पेरॉक्साइड.
तिने ते लिहिलं.
वरचं खोडलं नाही.

आज शुक्रवार, तिचा शेवटचा.
रिवाल सव्वीस वर्षांचा आहे, हात थरथरत नाहीत त्याचे.
"या नळीत दुसरंही काहीतरी दिसतंय,
गढूळ. काढू?"
"तो असू दे."
"नोंदीत काय लिहू?"
ती मोजे काढते, एक उलटा निघतो.
"शेजारी," म्हणते, मग, "नाही, त्याचं लॅटिन नाव लिही.
ते वरच्या खणात आहे."

पाच वाजता कपाटातला दिवा मंदावतो.
आता ते दुभंगायला लागतील,
दिवसाला एकदाच, अंधार पडता पडता,
नळीभर, आवाज न करता.
बाहेर पाणी चढलंय,
होड्या एकेक करून सरळ होतायत.
सोएझिग मागचं टायर अंगठ्याने दाबून बघते.
थोडं मऊ आहे.
वाटेत बघू, म्हणते, आणि बसते.